भरितावरची नोकरी

मला तो माणूस पहिल्या गुरुवारपासून आवडला नाही. माणूस म्हणजे टीव्हीवरचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी दर गुरुवारी संध्याकाळी एक हिंदी विनोदी मालिका लागायची. मोठ्या शहरातलं हरवलेल्या पार्सलांचं ऑफिस आणि तिथे नवीन आलेला साहेब. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, नाकावर चष्मा, आणि जगातलं प्रत्येक पार्सल ज्याचं त्याला पोहोचलंच पाहिजे हा ध्यास. ध्यास याचा, पार्सलं उचलणारे दुसरे. हा स्वतः एखादं पार्सल उचलतोय असं मी कधी पाहिलं नाही. दर गुरुवारी त्याच्यामुळे काहीतरी घोळ व्हायचा. मग हा सगळ्यांसमोर उभा राहायचा, चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि छातीवर हात ठेवून म्हणायचा, ‘कसूर मेरा है.’ पडद्यामागची न दिसणारी माणसं हसायची, टाळ्या पिटायची. पुढच्या गुरुवारी हा परत त्याच खुर्चीत. कसूर त्याने आपल्या नावावर घेतला, पण तो भरला कोणी, हे कधी कोणी दाखवलं नाही.

हे सगळं मी पाहायचो ते ऑफिसातच बसून. जळगावात केळी उत्पादकांची एक सहकारी संस्था होती, तिथे मी कारकून होतो. सभासदांची केळी रेल्वेच्या वॅगनी भरून दिल्लीकडे पाठवायची, हा आमचा धंदा. खाली गोदाम, वर ऑफिस, आणि ऑफिसला लागून मीटिंगचा हॉल. संस्थेच्या चेअरमनना सगळे आबा म्हणत. आबांनी या हॉलमध्ये एक टीव्ही आणून बसवला होता, शेतकऱ्यांना शेतीचे कार्यक्रम पाहता यावेत म्हणून. केळीला पाणी कसं द्यावं हे टीव्हीत पाहायला बोदवडहून कोण येणार? आले नाहीच कोणी. टीव्ही आमच्या वाट्याला आला. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी टीव्ही नव्हता, त्यामुळे गुरुवारी ऑफिस सुटलं तरी कोणी घरी जायचं नाही. दिवसभर ज्या खुर्च्यांवर बसून काम करायचं त्याच खुर्च्या हॉलमध्ये ओढून दुसऱ्यांचं ऑफिस बघत बसायचं. असला शौक आमच्यासारख्यांनाच सुचू शकतो.

टीव्ही लाकडी पेटीत होता. पेटीला सरकती झडप, झडपेला कुलूप, आणि कुलपाची किल्ली अक्काकडे. अक्का आमच्याकडे टेलिफोनवर बसायची. वय काही फार नव्हतं, पस्तिशीच्या आसपास असेल, पण लहानमोठे सगळे तिला अक्काच म्हणत. ती मूळची शिरपूरकडची, लग्न होऊन जळगावात आलेली. संस्थेत लागली ती पाणी द्यायला. आधीचा टेलिफोनवाला नोकरी सोडून गेला तेव्हा चार दिवस म्हणून तिला फोनशी बसवलं, आणि ती तिथेच राहिली. ट्रंक कॉल लावायचे, स्टेशनात वॅगनींची चौकशी करायची, दिल्लीच्या आडत्यांशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचं. दिल्लीवाले तिला बहनजी म्हणायचे. एवढी वर्षं झाली तरी ती रोजंदारीवरच होती. दर काही महिन्यांनी तिला कामाला ‘ब्रेक’ द्यायचे, म्हणजे आठ-दहा दिवस घरी बसवायचे आणि परत घ्यायचे, कारण सलग काम झालं तर ती कायमचा हक्क सांगेल. नवरा डाळ मिलमध्ये हमाल होता. मिलच्या धुळीने त्याची छाती धरली होती. महिन्यातले पंधरा दिवस तो कामावर, पंधरा दिवस खाटेवर. दोन मुली शाळेत. ती कायम झाली तर ते घर उभं राहणार होतं, नाही तर नाही. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या मालिकेने आमच्या ऑफिसचे सरळ दोन तुकडे केले. हेडक्लार्क नाना, मी आणि गोदामाकडचे दोघे एका बाजूला. अकाउंटचे लोक, टायपिस्ट आणि अक्का दुसऱ्या बाजूला. शुक्रवारी चहाच्या वेळी भांडण ठरलेलं. नाना म्हणायचे, ‘त्या ऑफिसात काम करणारा एकच आहे. तो जाड्या कारकून, जो सारखा डबा खाताना दाखवतात. तो खातो कधी आणि काम करतो कधी ते सोडा, पण पार्सलं पोहोचतात ती त्याच्याच हातून. आणि हसायला कोणाला ठेवलाय? त्यालाच.’ मला हे शंभर टक्के पटायचं. समोरची बाजू म्हणायची, तुम्हाला चांगलं बघवतच नाही.

अक्का भांडायची नाही. ती शांतपणे म्हणायची, ‘भाऊ, तो मानूस खरा शे. बठ्ठास्ना कसूर आपला डोकावर लेस.’

मी म्हणायचो, ‘अक्का, सगळ्यांचा डोक्यावर घेतो, पण डोकं फुटतं का कधी त्याचं?’ ती हसायची आणि फोनकडे वळायची.

त्यातच आमच्याकडे नवे मॅनेजर आले. धुळ्याचे, तिशीतले, सहकाराची पदविका घेतलेले. सुरुवातीला माणूस साधा वाटला. सकाळी वेळेवर यायचे, स्वतःच्या पैशाने चहा प्यायचे. मग त्यांना गुरुवारची चटक लागली. एखाद्याला तंबाखूची लागते, यांना आदर्शाची लागली. शर्टाचं वरचं बटण लागलं. मालिकेतल्यासारखं रिकामं टेबल केबिनच्या मध्यभागी आलं. ‘मी साहेब नाही, मी तुमच्यातलाच एक,’ असं दर दोन दिवसांनी सांगून झालं, आणि जो तुमच्यातला एक असतो त्याला हे सांगावं लागत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या साहेबांना चष्मा नव्हता. काही महिन्यांनी तोही आला. आता डोळे अधू झाले होते की आणखी काही, ते डॉक्टरला माहीत. मला एवढंच दिसलं की वाचताना साहेब तो चष्मा टेबलावर काढून ठेवायचे आणि बोलताना घालायचे.

एकदा घड भरण्यात गोंधळ झाला, बरेच घड गोदामात उरले. चूक हमालांची नव्हती आणि आमचीही नव्हती, रेल्वेने वॅगनच लहान पाठवली होती. साहेब खाली आले, सगळ्यांसमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘कसूर मेरा है.’ हमाल एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, ‘साहेब, मंग त्या उरेल घड तुमीच उचला.’ साहेब हसले आणि वर गेले. घड हमालांनीच उचलले.

माझी सासुरवाडी धुळ्याला. दिवाळीला गेलो तर तिथेही तेच. शेजारच्या मारवाडी कुटुंबाच्या ओट्यावर सगळी गल्ली जमायची, त्यांच्या टीव्हीपुढे. सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, ‘माणूस असावा तर असा.’ सासरे म्हणाले, ‘असा माणूस दुकानावर बसवला तर सहा महिन्यांत दुकान शेजाऱ्याचं होईल.’ सासऱ्यांबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. बायको मात्र आईच्या पक्षाची निघाली आणि परतीच्या एस.टी.त माझ्याशी बोलली नाही.

एक मात्र सांगितलं पाहिजे. आमचे साहेब लबाड नव्हते. लबाड असते तर बरं झालं असतं. लबाड माणसाला काय हवं ते कळतं, ते देता येतं, नाही तर लपवता येतं. या माणसाला स्वतः चांगलं दिसायचं होतं, आणि त्यासाठी तो इतरांचं काहीही द्यायला तयार होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते मी पुस्तकात शिकलो होतो, बायजी मात्र तेव्हा पाहिली.

आता भरिताकडे येतो. आमच्याकडे हिवाळ्यात भरीत होतं, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. शेतात जायचं, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजायची, सोलून हिरव्या मिरचीबरोबर लाकडाच्या भांड्यात ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात न आखडता तेल. केळीच्या पानावर वाढायचं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. संस्थेचे सभासद दर हिवाळ्यात ऑफिसला असं भरीत द्यायचे. पण खाणं ही त्यातली निम्मी गोष्ट. वर्षभर मीटिंगमध्ये जे अडकून पडलेलं असायचं ते भरितावर सुटायचं. आबा मीटिंगमध्ये दगड असायचे, पानावर बसले की लोणी. दुसऱ्या वाढपाला नाना शेजारी सरकायचे आणि म्हणायचे, ‘आबा, अमक्याचं तेवढं करायचं राहिलं.’ आबा घास हातात धरून म्हणायचे, ‘करून टाका ना मग.’ पुढच्या मीटिंगला ठराव होऊन जायचा. मी स्वतः असाच कायम झालो. भरितावर लागलेली नोकरी मी इमानाने केली आणि मला त्याची काडीइतकी लाज नाही.

त्या वर्षी अक्काची पाळी होती. नानांनी ठरवलं होतं. आबांच्या कानावर दोनदा घालून ठेवलं होतं, आबा नाही म्हणाले नव्हते, म्हणजे हो होतं. नानांनी अक्काला सांगितलं, ‘रविवारी ये, पुऱ्यांना हात लाव, आणि आबा विचारतील तेव्हा फक्त नमस्कार कर. बाकी मी बघतो.’

 अक्का म्हणाली, ‘नाना, भरीतना पानवर मांगेल नोकरी माले नको. इतला वरीस मी काम करेल शे. मना हक्क शे.’

‘हे कोणी शिकवलं तुला?’ नानांनी विचारलं.

ते आम्हाला ठाऊक होतं. आदल्याच गुरुवारी मालिकेत असंच झालं होतं. त्या पार्सलच्या ऑफिसात एक रोजंदारीवरची मुलगी होती. जाड्या कारकून वरच्या साहेबांना लाडूचा डबा देऊन तिला चिकटवायला निघाला होता. हिरोने तो डबा परत पाठवला. नोकरी ही भीक नाही, मुलीने उघड्या स्पर्धेत उतरावं, असं मोठं भाषण केलं. जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या, शंभर जणांतून तीच पहिली आली. शेवटी तिने आपल्या ट्रंकेतून बी.ए.ची पदवी काढून दाखवली, जी तिने गरिबीमुळे लपवून ठेवली होती म्हणे. गरिबीमुळे पदवी कोण लपवतो? पण आमच्या हॉलमध्ये टायपिस्ट रडत होती, अकाउंटवाला नाक ओढत होता, आणि अक्का पदर तोंडावर धरून पडद्याकडे बघत होती. त्यांच्या मागे साहेब उभे होते आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. तेव्हाच मला भीती वाटली.

अक्काच्या म्हणण्यात खोटं काय होतं? काहीच नाही. हक्क तिचाच होता. इतक्या वर्षांनी तो एखाद्याच्या ढेकरेची वाट बघत मिळावा, हे तिला सोसवत नव्हतं, आणि मला ते मनातून आवडलंही. माझा राग तिच्यावर नाही. माझा राग त्या चष्म्यावर आहे, ज्याने तिला सांगितलं की मान ताठ ठेवून मागितलं की मिळतं.

नानांनी तिचं ऐकलं नाही. ते म्हणाले, ‘मागणार मी आहे, तू नाहीस. तू पुऱ्या लाट.’

रविवारी आम्ही शेतावर गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळं ऑफिस, साहेब आपल्या लुनावर. वांगी भाजायला लागली, धूर डोळ्यांत जात होता, बायका एका बाजूला पुऱ्या तळत होत्या आणि अक्का त्यांच्यात होती. पानं मांडली तेव्हा साहेब पंगतीला बसले नाहीत. त्यांनी घरून पोळी-भाजीचा डबा आणला होता. बांधावरच्या बाभळीखाली जाऊन त्यांनी तो उघडला. ज्या सभासदाच्या शेतात आम्ही होतो तो म्हातारा बिचारा हात जोडून त्यांच्याकडे गेला. म्हणाला, ‘साहेब, दोन घास तरी ल्या.’

‘तत्त्वाचा प्रश्न आहे, बाबा,’ साहेब म्हणाले.

‘साहेब, हाई भरीत शे, लाच नही.’

साहेब हसले. तेच हसू, पडद्यावरचं. नाकाने कांदे सोलणारा माणूस मी खूप ऐकला होता, बाभळीखाली बसून गवारीची भाजी खाताना पाहिला तो हा पहिलाच.

दुसरं वाढप आलं. आबांनी पाठ भिंतीला टेकावी तशी उसाच्या मोळीला टेकली. नाना सरकले. म्हणाले, ‘आबा, अक्काचं तेवढं राहिलंय.’

आबांनी घास उचलला. ‘हो ना. किती वर्षं झाली पोरीला. करून...’

ते वाक्य पुरं झालं नाही. साहेब बाभळीखालून उठून आले होते. हातात डब्याचं झाकण तसंच होतं. पंगतीसमोर उभे राहिले आणि बोलायला लागले. नोकरी ही भीक नाही. संस्था ही कोणाची जहागीर नाही. अक्का ही या संस्थेची लेक आहे आणि लेकीला तिचा हक्क पंगतीत उष्ट्या हाताने द्यायचा नसतो. रीतसर जाहिरात निघेल, उघड्या मुलाखती होतील, आणि अक्का मानाने, ताठ मानेने त्या खुर्चीवर बसेल. एकेक वाक्य मालिकेतलं, फक्त मराठीत आणलेलं. पंगतीत सगळ्यांचे हात थांबले. वांगं थंड होत होतं.

आबा मुरलेले माणूस. त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. चुलीच्या बाजूला मान वळवून म्हणाले, ‘अक्का, तुझं काय म्हणणं? जसं म्हणशील तसं करू.’

हे मी आजही विसरलेलो नाही. आबांनी तिला विचारलं. त्या क्षणी ती ‘तुम्हीच करून टाका’ म्हणाली असती तर संपलं होतं. नाना तिच्याकडे बघून मान हलवत होते. अक्का पुऱ्यांची टोपली घेऊन उभी राहिली. कपाळावर पिठाचं बोट लागलेलं. तिने नानांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. आणि म्हणाली, ‘साहेब सांगतस तसंच व्हऊ द्या.’

‘मग तसंच होऊ द्या,’ आबा म्हणाले, आणि पानावर आणखी भरीत मागितलं. त्यांच्या डोक्यावरचं ओझंच गेलं होतं. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. अकाउंटवाल्याने टाळी वाजवली, मग टायपिस्टने. मी नाही वाजवली. नाना पानावरून उठले, हात धुतला आणि ट्रॉलीत जाऊन बसले.

जाहिरात निघाली. टेलिफोन ऑपरेटर, एक जागा. शिक्षण किमान मॅट्रिक, टायपिंग येत असल्यास प्राधान्य. पात्रता साहेबांनीच नियम बघून घातली. अक्का सातवी पास होती. नाना साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, ‘साहेब, एवढी ओळ बदला. सातवी आणि कामाचा अनुभव, असं घाला.’ साहेब म्हणाले, ‘नाना, एका व्यक्तीसाठी नियम वाकवला तर तो नियम राहत नाही.’ नाना म्हणाले, ‘अहो, पण ज्या व्यक्तीसाठी हे सगळं केलंत तीच बाहेर राहते.’ साहेब म्हणाले की गुणवत्ता लपत नाही, मुलाखतीत ती दिसेलच. त्या मालिकेतल्या मुलीच्या ट्रंकेतून बी.ए. निघालं होतं. आमच्या अक्काच्या ट्रंकेतून काय निघणार होतं? लग्नातला शालू आणि डांबरगोळ्या.

मुलाखतीला बरीच पोरं-पोरी आल्या. साहेबांनी अक्कालाही बोलावलं. ती पात्रतेत बसत नव्हती तरी ‘सन्मानाने’ बोलावलं, असं त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. ती धुतलेलं पातळ नेसून आली. केबिनमध्ये ती रोज पाणी घेऊन, निरोप घेऊन जायची, पण तिथल्या खुर्चीवर पहिल्यांदा बसली ती त्या दिवशी, नोकरी जायच्या दिवशी. बोर्डाच्या दोघांसमोर साहेबांनी तिला सहकार म्हणजे काय ते विचारलं. ती काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा खुशीत मला म्हणाली, ‘भाऊ, साहेब चांगलं बोलनात.’

निवड शिरपूरच्या कॉलेजात शिकलेल्या एका मुलीची झाली. मुलगी सरळ होती, कोणाचा वशिला नव्हता, टायपिंगचं सर्टिफिकेट होतं. तिला दोष द्यायला जागा नाही. साहेबांचा निकाल अगदी स्वच्छ होता. इतका स्वच्छ की त्यात अक्का कुठे शिल्लक राहिली नाही. जागा भरली गेली, म्हणून रोजंदारीही बंद. आधी ब्रेक मिळाला की ती परत यायची तरी. आता तेही संपलं.

साहेबांनी तिचा निरोप समारंभ केला. रोजंदारीच्या बाईचा निरोप समारंभ, ही तर क्रांतीच. शाल आली, नारळ आला. साहेब उभे राहिले. बोलता बोलता रडू आलं, आणि ते खरंच आलं होतं, मी खोटं सांगणार नाही. चष्मा काढला. पुसला. छातीवर हात ठेवला. ‘मी व्यवस्थेपुढे कमी पडलो. कसूर मेरा है.’ एक-दोघांनी नेहमीच्या सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मग ओशाळून थांबले. अक्काने शाल हातात घेतली, नमस्कार केला आणि खाली उतरली. मला वाटलं तिला अजून कळलेलं नाही. मला वाटलं तिच्या मनात अजून पुढचा गुरुवार आहे, ज्यात सगळं परत जागच्या जागी येतं.

पुढचा गुरुवार आला. ऑफिस सुटलं, खुर्च्या हॉलमध्ये आल्या, आणि मग लक्षात आलं की टीव्हीची किल्ली अक्काकडेच राहिली आहे. साहेब घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. कुलूप तोडावं का, अशी चर्चा सुरू झाली. तेवढ्यात अक्काच जिना चढून आली. किल्ली परत करायला आली होती. कोणाशी न बोलता तिने कुलूप काढलं, झडप सरकवली, टीव्ही लावला. चित्र हलत होतं, तर मागची अँटेनाची वायर दाबून नीट केलं, रोजच्यासारखं. मग शेवटच्या ओळीतल्या खुर्चीवर बसली. नवी मुलगी तिच्या शेजारी होती, ती अंग चोरून बसली.

त्या दिवशी काय गोष्ट होती आठवत नाही. शेवटाकडे घोळ झाला, सगळे जमले, आणि हिरो उभा राहिला. चष्मा काढला. ‘कसूर,’ तो म्हणाला, आणि अक्का उठली. समोर जाऊन तिने झडप सरकवली. आत तो बोलतच होता, आतून हसण्याचा आणि टाळ्यांचा आवाज येत होता. तिने कुलूप घातलं. मग साहेबांकडे वळली. आवाज चढवला नाही. दिल्लीच्या व्यापाऱ्याला वॅगनीचं विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं.

‘साहेब, कसूर तुमना शे ना? मंग घर मी कसाले बसनू?’

साहेबांनी चष्म्याला हात लावला. काढला नाही. कसूर याचा, मग घरी दुसरा का बसतो, हे मालिकेत कधी कोणी विचारलंच नव्हतं. त्या ऑफिसात असं विचारणारं माणूस लिहिणाऱ्याने ठेवलंच नव्हतं. पेटीतल्या टाळ्या अजून चालू होत्या. अक्काने किल्ली नानांच्या पुढ्यात ठेवली आणि जिना उतरली. नाना डोळे पुसत होते. मी साहेबांकडे बघत होतो, मला दुसरीकडे बघायचंच नव्हतं. एवढा राग मी आयुष्यात कोणाचा केला नाही, आणि आजही तो कमी झालेला नाही.

अक्का नवऱ्याच्याच डाळ मिलमध्ये डाळ निवडायला लागली, त्याच धुळीत. दिल्लीचे आडते काही महिने फोनवर विचारायचे, बहनजी कुठे गेल्या म्हणून. नवी मुलगी म्हणायची, माहीत नाही. साहेब दोन वर्षांनी धुळ्याकडच्या मोठ्या संस्थेत बढतीवर गेले.

आणि अक्का किल्ली ठेवून गेली त्याच्या पुढच्या गुरुवारी? साहेबांनी नानांकडून स्वतः किल्ली मागून घेतली, स्वतः झडप सरकवली आणि पहिल्या ओळीत बसले. मी मागे उभा राहून बघत होतो. हिरोने चष्मा काढला, छातीवर हात ठेवला, ती न दिसणारी माणसं हसली. साहेबही हसले.